उजवा पाय

आवडाबाईला आजवर कुणी निवडलं म्हणून नव्हतं. नवरा बघायला आलेला तो थोरल्या बहिणीला. तिने नाक मुरडलं म्हणून ही त्याच्या पदरात पडली. खोपटच्या एसटी डेपोत एकवीस वर्षं झाडू मारतेय. ठेकेदार बदलले, झाडू काही सुटला नाही. आणि पवित्र गुरुवारच्या आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये फादरांनी डब्यात हात घालून बारा चिठ्ठ्या काढल्या, त्यात सातवी हिची निघाली. प्रभूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, तसे फादर दर पवित्र गुरुवारी बारा जणांचे धुतात. नाव ऐकून बाई मागे वळून बघायला लागली, दुसरी कुणी आवडाबाई आहे की काय.

चर्चचे सेक्रेटरी प्रभाकरभाऊ म्हणजे बँकेतून रिटायर झालेला टापटीप माणूस. त्यांनी बाराही जणांना बजावलं, फक्त उजवा पाय धुतला जाईल, तेव्हा तो घरूनच स्वच्छ धुऊन, नखं कापून आणा. आता धुवायचा पाय धुऊन आणायचा, ही अक्कल कुणाची ते विचारू नका. दर वर्षी असंच चालतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

आवडाबाईलाही वाटलं नव्हतं. तिने नवी वज्री आणली, तीन दिवस लिंबू चोळून टाच घासली. भेगांतून रक्त आलं, पण डिझेलचा काळा रंग काही निघेना. एकवीस वर्षं मुरलेला, तो काय तीन दिवसांत जातोय.

गुरुवारी दुपारी डेपोत असताना फोन आला. "आवडाबाई, गैरसमज नको," प्रभाकरभाऊ म्हणाले, "पण यंदा सगळं मोबाइलवर लाइव्ह जाणार आहे. कॅमेरा अगदी पायाजवळ. तुमच्या जागी चित्राताई बसतील. तुम्ही पुढच्या वर्षी बसा."

"चिठ्ठी तुम्ही काढलेली का?"

"फादरांनी काढली, पण..."

"फादरांचा नुसता हात. निवडणारा वर बसलाय. त्याला माझे पाय माहीत नव्हते?"

"तसं नाही हो. जरा शोभलं पाहिजे."

शिफ्ट संपल्यावर ती नेहमीसारखी नळावर गेली. पाय धारेखाली धरला आणि तिचं डोकंच फिरलं. शोभण्यासारखी असती तर लोकांनीच नसती का निवडली? लोकांनी टाकलेली त्याने उचलली, आणि हे निघाले त्याची चूक सुधारायला. तिने नळ बंद केला, काळे पाय तसेच चपलांत सरकवले आणि चालतच चर्च गाठलं.

वेदीसमोर बारा खुर्च्या मांडलेल्या. सातवीवर चित्राताई, पार्लरला जाऊन आलेली, नखांना फिकं गुलाबी पॉलिश. आवडाबाई मधल्या वाटेने सरळ पुढे गेली.

"चित्राताई, उठा. ही जागा माझी आहे."

"अगं, भाऊंनीच बसवलंय मला."

"तुम्हाला भाऊंनी निवडलं. मला त्याने निवडलंय. उठा."

आवाज चढवला नव्हता तिने, तरी गाणारे गायचे थांबले. चित्राताईने फादरांकडे बघितलं. फादरांनी आवडाबाईला बसायची खूण केली, आणि चित्राताई उठली.

पहिले सहा पाय झटपट उरकले. दोन थेंब पाणी, टॉवेल, पुढे. सातव्या खुर्चीसमोर फादर गुडघे टेकून बसले. प्रभाकरभाऊ जग घेऊन पाणी ओतत होते, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. पहिल्याच धारेला परातीतलं पाणी काळं झालं. फादर अंगठ्याने टाच चोळत राहिले. बघता बघता टॉवेल काळा झाला आणि जग रिकामा.

"भाऊ, पाणी आणा," फादर म्हणाले.

प्रभाकरभाऊ खाली वाकून कुजबुजले, "फादर, अजून पाच जण राहिलेत."

"त्यांचे धुतलेलेच आहेत."

सगळं चर्च बघत होतं. प्रभाकरभाऊ जग घेऊन अंगणातल्या नळावर गेले. आवडाबाईच्या डोळ्यांत पाणी दाटलं, पण तिने ते गिळलं. रडायला आलेली नव्हती ती इथे.

भाऊ भरलेला जग घेऊन आले. आवडाबाईने लुगडं जरा वर ओढलं आणि दुसऱ्या पायातली चप्पल काढून बाजूला सारली.

"सावकाश ओता, भाऊ, भेगा झोंबतात," ती म्हणाली. "आणि डाव्यालाही पुरेल एवढं आणलंय ना?"