अर्धी खाडी

सुगंधाचं माहेर मालवणजवळ, खाडीच्या काठावर. आईवडील गेले, घर चुलत्यांकडे गेलं आणि गावाला जायचं कारणच उरलं नाही. लग्नानंतर मुलुंड पूर्वेला आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला मिठागरांपलीकडे खाडीकाठची खारफुटी, तिवरांची दाटी दिसली. तिथला चिखलाचा वास ओळखीचा होता. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती तिकडे चक्कर मारायची. नवरा जयवंत म्हणायचा, "माहेरी जाऊन आलीस?"

मग एका पक्षाच्या लोकांनी तिथे मातीचा बांध घातला. इथे मैदान करू म्हणाले. भरतीचं पाणी आत येईना, तिवरं करडी पडली, डबक्यांत डास झाले. मैदान काही झालं नाही.

महापालिकेची निवडणूक आली तेव्हा नंदकुमार नावाचा तरुण उमेदवार हात जोडून दारात उभा राहिला. सुगंधाने वाडीतल्या बायका आधीच जमवून ठेवल्या होत्या.

"बांध फोडणार का?" तिने सरळ विचारलं.

"वहिनी, डासांचा त्रास मला माहीत आहे. निवडून आलो की पहिलं काम तेच."

तो निवडून आला आणि त्याने शब्द पाळला. हारतुरे झाले, भाषण झालं, मजुरांनी फावड्यांनी बांध फोडला. पाणी आत शिरलं, सुकलेल्या चिखलातून खळाळत, फेसाळत पुढे सरकलं, तेव्हा सुगंधा पदर तोंडाला लावून रडली. पुढच्या दोन वर्षांत तिवरांची कोवळी रोपं वर आली. चिखलात निवट्या मासळ्या उड्या मारू लागल्या, बगळे परतले.

एका रविवारी तिचा धाकटा भाऊ धाकू आला. संपात त्याची गिरणी बंद पडली ती कायमचीच. तेव्हापासून तो बायकोमुलांसह बायकोच्या भावाच्या खोलीत पडदा लावून राहत होता. इतका खुललेला तो तिला कित्येक वर्षांत दिसला नव्हता.

"ताये, माका जागा गावली! तुझ्या खाडीकडेच. नंदकुमारसायेब गिरणीवाल्यांक देतहत. उद्यापासून भराव घालतले."

सुगंधाने हातातली चहाची बशी खाली ठेवली. "बरं झालं रे," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती नंदकुमारच्या ऑफिसात गेली.

"तुम्हीच फोडलात ना बांध?"

"फोडला. तेव्हा डास नकोत म्हणून लोक मागे लागले होते. आता घर हवंय म्हणून लागलेत. मी काय करू, सांगा?" तो पुढे झुकला. "धाकू तुमचाच भाऊ ना? त्याला नाही म्हणून सांगू?"

तिच्या डोळ्यांसमोर धाकूच्या खोलीतला तो पडदा आला.

"त्याला नाही म्हणू नका," ती म्हणाली. "पण सगळी खाडी बुजवू नका हो. दक्षिणेकडची राहू द्या. पाण्याला यायला वाट ठेवा. नाहीतर पुन्हा डास झाले की आम्ही बायका तुमच्या दारात आहोतच."

नंदकुमार हसला. पण पुढची निवडणूक त्यालाही होतीच. भरावाखालून त्याने सिमेंटचे मोठे पाइप टाकून घेतले. उत्तरेकडची तिवरं ट्रकच्या मातीखाली गेली. दक्षिणेकडची जगली.

पावसाळ्याआधी धाकूची झोपडी उभी राहिली. सुगंधा पूजेला गेली. तिची भावजय राधा नव्या चुलीपाशी हसत बसली होती, मुलं घरभर धावत होती. पायाखालची जमीन अजून भुसभुशीत होती. सुगंधाला नेमकं कळत होतं की इथे कुठली रोपं होती, बगळे कुठे उतरायचे. तिने ते कुणाला सांगितलं नाही.

भरतीची वेळ झाली तशी ती उठून दारात गेली. पलीकडे पाणी पाइपातून येऊन तिवरांच्या मुळांत मुकाट पसरत होतं. आत शिरताना होणारा तो खळाळ आता नव्हता. तरी ती कान देऊन उभी राहिली.

"ताये, कोणाची वाट बघतंस?" धाकूने आतून विचारलं.

"कोणाची नाय रे," ती म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.