उतरलेला आकडा

बाबांचं कोलेस्टेरॉल हा त्या घरातला जुना तंटा होता. बाबा शिंपी, आणि लेक इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासणारी. गेली अकरा वर्षं ती दर सहा महिन्यांनी त्यांच्या दंडाला पट्टा आवळून रक्त काढायची. आकडा अडीचशेच्या घरात यायचा आणि तिचा पारा त्याच्याही वर जायचा. बाबा मात्र ढिम्म.

"अगं, शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड असावं. वेळेला कामी येतं."

मग एक साधा वाटणारा विषाणूचा ताप आला, छातीत उतरला आणि बाबांना तिच्याच इस्पितळात ऑक्सिजन लावावा लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी लॅबच्या यंत्राने कोलेस्टेरॉलचा आकडा दाखवला, एकशे बारा. नळ्यांची अदलाबदल झाली की काय, म्हणून तिने चिठ्ठी तपासली, नव्याने रक्त घेतलं, पुन्हा लावलं. एकशे बाराच! रिपोर्ट फडकावत ती वॉर्डात शिरली.

"बाबा, जिंकलात! एकशे बारा!"

मास्कच्या आतून हसत बाबांनी अंगठा वर केला.

डॉक्टरीणबाई खाटेपाशीच होत्या. त्यांनी कागद वाचला आणि तिला खिडकीशी नेलं.

"इतक्यात नाचू नकोस गं. हे पथ्याने उतरलेलं नाही. आजार जोरात असला की हा आकडा असा कोसळतो. ज्यांचा उतरतच राहतो, त्यांच्यावर आम्ही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो."

"मग वाढवायचा कसा?"

"आपण नाही वाढवायचा. तो नुसता आजाराचा जोर सांगतो. बाबा सावरले, तर आपोआप चढेल."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धापा टाकणाऱ्या बापाला आपण शाबासकी कशाची दिली?

दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याण्णव. मग एक्क्याण्णव. ज्या आकड्यापायी तिने बाबांचं डोकं खाल्लं होतं, तो आता वर यावा म्हणून ती यंत्रापुढे श्वास रोखून उभी राहायची. बोटभर नळीत रक्तातून वेगळं झालेलं पिवळसर पाणी. इतकी वर्षं तिने त्यात फक्त दोष शोधले होते. त्या चमचाभर पाण्यात तिचा बाप झुंजत होता, कुणाला न सांगता, जवळ होतं नव्हतं ते पणाला लावून. माणसाचं शरीर एवढं करतं? ती थक्क झाली. हात जोडावेसे वाटले, पण हातात मोजे होते.

पुढच्या दिवशीही एक्क्याण्णवच. त्यानंतर एकशे चार.

ती स्टुलावर बसली आणि हमसून हमसून रडली. वॉर्डात पोचली, तेव्हा बाबा मास्क काढून चमच्याने पाणी पीत होते.

दीड महिन्याने बाबा तपासणीला आले ते सबबींची तयारी करूनच. नळी लावली, आकडा आला. तिने तो दोनदा वाचला.

"किती?" बाबांनी चोरट्यासारखं विचारलं.

"दोनशे अडतीस."

"हे बघ, घरी आल्यावर भूक जरा..."

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. लेकीने त्यांना गच्च मिठी मारली होती.

"कोलेस्टेरॉलची गोळी उद्यापासून," ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली. "आजचा दिवस असू दे, बाबा. आज आकडा छान आहे."