बोललेले शब्द

तीन टेबलं, दोन खुर्च्या, एक चालू फोन, एक बंद आणि चौदा वह्या. ताईंनी यादी करून खोक्यावर चिकटवली. टेबलावरचे पेल्यांचे गोल डाग तेवढे त्यात धरले नाहीत.

उद्यापासून मदतवाहिनी नव्या इमारतीत, नव्या नंबरावर. जुना नंबर आज पाचला बंद होणार होता.

“तुमचे मौनीबाबा आले नाहीत अजून?” मास्तरांनी खोक्याला सुतळी आवळत विचारलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते शेजारच्या टेबलावर बसत.

“चाराला तीन मिनिटं आहेत. ते वेळेवर येतात, तुमच्यासारखं नाही.”

आठ वर्षं दर गुरुवारी चार वाजता तो फोन येई. पलीकडचं शिवणयंत्र थांबे, मग नुसता श्वास. फोन कुठून आला हे इथे दिसत नसे, आणि समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही, हा नियम. ताई वहीत लिहीत: ‘सात मिनिटे. बोललेले शब्द: शून्य.’ कधी नऊ मिनिटे, कधी अकरा. सुरुवातीला त्या प्रश्न विचारत. पुढे पुढे दिसेल ते सांगू लागल्या: समोरच्या गच्चीवरचे कपडे, कबुतरं, मास्तरांच्या डुलक्या.

“आज नंबर पोचला नाही, तर पुन्हा कुठे शोधायचं यांना?” ताई म्हणाल्या. नवा नंबर त्यांनी सकाळीच पुठ्ठ्यावर ठळक लिहून ठेवला होता.

फोन वाजला. शिवणयंत्र थांबलं.

“बोला, ताई ऐकतेय. आज आधी कागद-पेन्सिल घ्या. हा नंबर बंद होतोय. नवा सांगते.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ताईंनी एकेक आकडा सावकाश सांगितला, इतकी वर्षं सांगत आल्या तसाच, डोळे मिटून. पुठ्ठ्याकडे पाहिलंच नाही.

पलीकडची पेन्सिल थांबली.

“ताई, हा जुनाच.”

आवाज बाईचा होता. कपाटात घडी करून ठेवलेल्या कापडासारखा, न वापरलेला.

मास्तरांच्या हातून सुतळी सुटली. ताईंनी चष्मा पदराने पुसला, पुठ्ठा जवळ ओढला आणि नवा नंबर दोनदा वाचला. पेन्सिल शेवटच्या आकड्यापर्यंत चालली. मग पलीकडे फोन ठेवला गेला.

बांधलेलं खोकं उघडून ताईंनी चौदावी वही काढली.

‘चार मिनिटे. बोललेले शब्द: तीन.’