खानावळीच्या भिंतीवरची लाल गिटार

ओ पाव्हणं, हात धुऊन झाले असतील तर जरा मान वर करा. हां, इकडे. गल्ल्याच्या वर खिळ्याला टांगलेली लाल गिटार दिसतेय ना, ती मी बोलतेय. तुमचं सुरमईचं ताट यायला अजून वेळ आहे. मनुबाई मासा घाईत तळत नाही. मघाशी तुमच्यातल्या एक बाई मला बघून "शोभेची दिसतेय" म्हणाल्या, ते मला चांगलंच झोंबलंय, म्हणून तोंड उघडलं.

शोभेची म्हणे! अहो, मी रॉक बँडमध्ये वाजलेली बाई आहे.

माझा जन्म काही थोरामोठ्यांच्या घरचा नाही. कारखान्यात एकाच दिवशी माझ्यासारख्या ढीगभर बहिणी रंगल्या आणि खोक्यात बसून दुकानोदुकानी गेल्या. मला आधी पनवेलच्या एका कॉलेजकुमाराने घेतलं. त्याला एका गाण्याची फक्त सुरुवात येत होती. पुढचं गाणं काय आहे ते त्यालाही कळलं नाही आणि मलाही. तो परीक्षेत आपटला, बापाने मला बाहेरची वाट दाखवली, आणि श्रीवर्धनचा हर्षद मला पाठीला बांधून मोटारसायकलवर घेऊन निघाला. वाटेत म्हसळ्याला चहाला थांबला तर टपरीवाला म्हणाला, "बंदूक हाय का काय?"

"आवाज त्याच्यापेक्षा मोठा हाय," हर्षद म्हणाला. तिथेच मी त्याच्यावर भाळले.

बँडमध्ये तिघं. गिटारला हर्षद, ड्रमला रेहान आणि गायला किशोरी. रेहानच्या घरचा सुपारीचा व्यापार, त्यामुळे सराव त्यांच्या गोदामात, सुपारीच्या पोत्यांमध्ये. बँडला "खारा वारा" हे नाव ठरवायला अख्खा पावसाळा गेला. गाणी मग चार दिवसांत बसवली, आणि ती तशीच वाजायची.

बँड म्हणजे काय, ते माझ्याकडून ऐका. बँड म्हणजे लग्नच, फक्त तिघांचं, आणि आहेर कुणी करत नाही. गिटारवाला आवाज वाढवतो, म्हणून ड्रमवाला जोरात बडवतो, म्हणून गाणारी किंचाळते, म्हणून गिटारवाल्याला स्वतःचं ऐकू येत नाही, म्हणून तो पुन्हा आवाज वाढवतो. याला ती मंडळी सराव म्हणत. रेहानची आई जहुराबी एकदा कानाला ओढणी गुंडाळून दारात आली. म्हणाली, "अरे बाबांनो, अजान झाली की खुशाल वाजवा. पण अल्लाच्या नावानं एक गाणं तरी शेवटपर्यंत न्या!"

रॉक ऐकायला आमच्याकडे येतंय कोण? बोलावणी यायची ती हळदीची. हळदीत लोकांना नाचायचं असतं, नवऱ्याला खांद्यावर घ्यायचं असतं. हर्षद मात्र दोन कडव्यांच्या मध्ये डोळे मिटून, अंगाला झटके देत आपलंच काहीतरी लांबलचक वाजवायचा. एका हळदीत नवऱ्याचा मामा "पोराला करंट लागला रं!" असं ओरडत धावला आणि त्याने मेन स्विचच पाडला. सगळा मांडव अंधारात. पोराचा जीव वाचवला म्हणून त्या मामाला वर टोपी-नारळ दिला.

पण वाजवायचा कसा, म्हणून सांगू! उगाच कौतुक नाही करत. या किनाऱ्यावर तसा हात दुसरा नव्हता.

मग किहीमच्या समुद्रावर बँडची स्पर्धा लागली. जिंकणाऱ्याला हिवाळाभर मुंबई-पुण्याचे कार्यक्रम मिळणार होते. नेमका त्याच सुमारास रेहानचा कुवेतच्या नोकरीचा व्हिसा आला. रेहानने सरळ सांगितलं, "जिंकलो तर कुवेत गेलं खड्ड्यात. हरलो तर मी चाललो. घरचे आणखी थांबायचे न्हायत." झालं! म्हणजे बँड राहतो की मोडतो, ते त्या एका संध्याकाळवर आलं. हर्षदला जेवण गोड लागेना. त्याने मला नव्याकोऱ्या तारा चढवल्या.

आता मनुबाईचं सांगते. मनुबाई म्हणजे हर्षदची आई. तिचा एक नेम आहे. खाऱ्या हवेत लोखंड टिकवायचं तर त्याला खोबरेल लावायचं. कोयता, विळी, शिलाई मशीन, दाराची कडी, दर सोमवारी सगळ्यांना तेल. स्पर्धेच्या सकाळी हर्षद आंघोळीला गेला आणि काढून टाकलेल्या गंजक्या तारा तिच्या नजरेस पडल्या. "आगो बाय! पोराच्या तारांना कुणी तेल दाखवलंच न्हाय," म्हणत तिने वाटी घेतली. तार न् तार चोळली, माझी मान चोळली, बाळंतिणीला चोळावं तशी. खोटं का बोलू, मला बरं वाटलं. मग ध्यानात आलं, या तेलावर संध्याकाळी पोराची बोटं घसरणार. पण मला कोण विचारतो? तिने मला पिशवीत घातलं, चेन लावली, वर कुंकवाचं बोट टेकवलं.

दिघीला फेरीबोटीची ही रांग! किहीमला पोचलो तेव्हा आमचंच नाव पुकारत होते. पिशवी उघडली आणि थेट स्टेजवर.

पहिलं कडवं कसंबसं निभलं. मग हर्षदने एकट्याने वाजवायची जागा आली. त्याने डोळे मिटले, तार दाबली आणि बोट सुळकन पुढे गेलं. तार ओढली, ती सटकली. छेडायची प्लास्टिकची टिकली हातातून उडाली ती परीक्षकांच्या चहात. लोक हसले. एकजण ओरडला, "अरे, मासा धरतोयस का?" रेहानने झाकायला जीव खाऊन ड्रम बडवले, किशोरीने एकच कडवं दोनदा म्हटलं. पण गेलेली गोष्ट गेली. नंबर सोडाच, आमचं नावसुद्धा नीट वाचलं नाही.

स्टेजमागे रेहानने मला उचललं आणि नाक आक्रसलं. "खोबरेल? अरे, काकीनं..."

तिघांनीही एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, आता हर्षद मला आपटणार. तो आपली चकाकणारी बोटं बघत राहिला आणि म्हणाला, "आईला कळता कामा नये."

घरी मनुबाई दारातच उभी. "काय झालं रं?"

"घाबरलो गो आई. हात थरथरले," हर्षद म्हणाला.

"न्हाय काकी, माझा ठोका चुकला," रेहान म्हणाला.

"काकू, माझाच सूर गेला," किशोरी म्हणाली.

मनुबाईने कमरेवर हात ठेवले. "तिघं पण घाबरलात? मग बँड कशाला काढलात, भजनात बसायचं!" पण बोलता बोलता तिने रेहानच्या तोंडावरून हात फिरवला. तो कुवेतला जाणार, हे तिला ठाऊक होतं.

रेहान गेला, बँड संपला. किशोरी आता रोह्याला मुलांना गाणं शिकवते. हर्षदने आईच्या हाताला चव आहे म्हणून ही खानावळ टाकली. मनुबाई अजून दर सोमवारी मला तेल लावते. दुपारी ती आत लवंडली की हर्षद मला काढतो, जुन्या बनियनने पुसतो आणि डोळे मिटून वाजवतो. विजेवाचून माझा आवाज तो केवढासा! पण त्या वेळी मी सुखी असते.

गेल्या महिन्यात रेहान सुट्टीवर आला होता. तुम्ही बसलात तिथेच बसला. हळूच म्हणाला, "आता सांगून टाक की काकीला. हसेल ती."

"हसेल रे," हर्षद म्हणाला. "तेलाचं ऐकून हसेलच. पण तुला आपल्या हातानं परदेशी धाडला, हे तिच्या मनातनं जायचं न्हाय."

तेवढ्यात मनुबाई कोलंबी घेऊन आली. रेहानच्या ताटात सगळी उपडी केली. "खा, बाबा. तिकडं कोण वाढतंय तुला?" रेहानने मान खाली घातली आणि सगळी कोलंबी संपवली.

आलं बघा तुमचं ताट. आता ती माझ्याकडे बोट दाखवून सांगेल, "गिटार बघा कशी राखलीया मी. पोरगाच भित्रा निघाला." तुम्ही हसा, हवं तर हर्षदलाही हसा. तो वाईट वाटून घेणार नाही. पण गिटार खरंच छान राखलीय, एवढं तिला म्हणा. आणि माझ्याकडून जे ऐकलंत, ते सुरमईबरोबर गिळून टाका.