सहाव्या दालनातली ताई

सहाव्या दालनाच्या पहारेकऱ्याचं डोकं हल्ली सकाळी दहालाच फिरायचं. संग्रहालयात नव्या मॅडम आल्या होत्या आणि येताना एक कल्पना घेऊन आल्या होत्या. लोकांनी चित्रं नुसती बघून जायचं नाही, चित्रांशी वैयक्तिक नातं जोडायचं. जोडलं की तशी चिठ्ठी लिहून दारातल्या पेटीत टाकायची. महिनाअखेर ज्या पेटीत तीस चिठ्ठ्या नसतील, तिथलं चित्र तळघरात, दालनात भेटवस्तूंचं दुकान आणि पहारेकरी बाहेर गाड्यांवर लक्ष ठेवायला, भर उन्हात.

या दालनात चित्र एकच. दार अर्धवट उघडं धरून उभी असलेली एक बाई. तेवीस तारखेपर्यंत पेटीत चार चिठ्ठ्या पडल्या. एकीत स्वच्छतागृह कुठे आहे अशी विचारणा होती, दुसरीत पंखा खडखडतो ही तक्रार. तिसरी कोरी. चौथीत 'छान' लिहून ते खोडून 'बरं' केलेलं.

वैताग असा, की नातं जोडलेलं एक माणूस होतं आणि तेच लिहायला तयार नव्हतं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एक मावशी दर गुरुवारी येऊन बाकावर बसायच्या आणि चित्रातल्या बाईशी तासभर भांडायच्या. हळू आवाजात, पण मुद्देसूद.

"मावशी, एवढं बोलता तिच्याशी, दोन ओळी खरडा की!"

"का म्हणून? आमचं घरचं आहे ते. अहो, ही हुबेहूब माझी ताई. सहा वर्षं अबोला आहे आमचा. फरक इतकाच, ही माझं वाक्य पुरं होऊ देते."

पहारेकऱ्याने कपाळावर हात मारला. "मग एक तारखेपासून ही तळघरात बसेल. तिथे तुम्हाला कोणी सोडणार नाही."

मावशी बाकावरून उठल्या. पिशवी उचलून निघून गेल्या.

तीस तारखेला दुपारी पेटीत नऊ चिठ्ठ्या होत्या, आणि मावशी आल्या. सोबत काठी टेकत चालणारी एक उंच, किडकिडीत बाई.

"ही जाणार म्हटल्यावर मी बोलायचं कुणाशी? खरीलाच फोन लावला," मावशी पहारेकऱ्याला म्हणाल्या. "ताई, बघ. तूच की नाही?"

ताईंनी चष्मा पुसून बघितलं. "ही? एरंडेल प्यायल्यासारखं तोंड हिचं! आणि मी कधी कुणाला दारात ताटकळत ठेवलंय?"

"मला ठेवलंस! आई आजारी होती तेव्हा. पिशवी हातात धरून उभी होते मी!"

"येणार म्हणून कळवलं होतंस? जन्मभर दुनियेचे फोन जोडून दिलेस, बहिणीला एक करता आला नाही?"

आवाज चढले. मोठ्याने बोलणाऱ्याला बाहेर काढायचं, असा नियम होता. पहारेकरी उठलाही. तेवढ्यात शेजारच्या दालनातली सात-आठ माणसं आवाजाच्या रोखाने आत आली. ताईंनी त्यांच्यावर काठी रोखली. "तुम्हीच सांगा, मी अशी दिसते?"

माणसं चित्राला नाक लागेल इतकी जवळ गेली. पहारेकरी गुपचूप खाली बसला आणि त्याने पेन्सिली बाहेर काढल्या.

"भुवया जुळतात."

"हनुवटी कुठे जुळते?"

"ही दार लावतेय हो. माझी सासू अश्शीच लावायची, पाहुणा पायरीवर असतानाच."

"छे! उघडतेय."

संध्याकाळपर्यंत सगळ्या दालनांतली माणसं येऊन भांडून गेली. मावशींनी चिठ्ठी लिहिली, ताईंनी ती खोडून काढणारी दुसरी. साडेपाचला मॅडमनी पेटी उपडी केली. एकोणतीस.

"एक कमी," मॅडम म्हणाल्या. "नियम म्हणजे नियम."

"पहारेकऱ्याने लिहू नये, असा आहे का नियम?" पहारेकऱ्याने विचारलं.

तसा नव्हता. त्याने पेन्सिल घेतली आणि मान वर केली. खुर्ची नियमाप्रमाणे माणसांकडे तोंड करून असायची, त्यामुळे अकरा वर्षांत चित्र त्याच्या पाठीमागेच होतं. तो बराच वेळ बघत राहिला. मग लिहिलं, 'बाई दार उघडते आहे.'

मॅडम तीस चिठ्ठ्या घेऊन समाधानाने गेल्या. मावशी मात्र हटेनात.

"काय लिहिलंत?"

"उघडतेय म्हणून."

"बघ!" ताई म्हणाल्या.

"उघडतेय? डोळे तपासून घ्या! तो अंगठा बघा, अंगठा! असा धरून कोणी दार उघडतं का?"

बंद व्हायची वेळ उलटून गेली होती. पहारेकऱ्याने किल्ल्या खुर्चीवर आपटल्या.

"अहो मावशी, अंगठ्याचं काय घेऊन बसलात?" तरातरा चित्रापाशी जात तो ओरडला. "खांदा बघा ना, खांदा!"