सीताफळाचा फोटो

दसऱ्याच्या दिवशी अकराला पाहुणे येणार, आन् सव्वादहा झाले तरी कंप्युटरवर सीताफळ काही दिसंना.

वैजिनाथ डॉक्टरांनी बीडात सिटी स्कॅनची मशीन आणलीवती. जुन्यातली होती, पण झेंडूच्या माळा घातल्यावर नवरीसारखी दिसत होती. ही मशीन वस्तूचे पावासारखे पातळ काप काढती, म्हंजी कापांचे फोटो. मग कंप्युटर ते काप एकावर एक रचतो आन् आख्खी वस्तू काचेत उभी करून गरागरा फिरवून दाखवतो. उद्घाटनाला पेशंट कुठून धरून आणायचा? म्हणून बालाघाटातलं एक दांडगं सीताफळ टेबलावर झोपवून स्कॅन केलंवतं.

कंप्युटरची खोली म्हंजी एसीची खोली, आन् तिथं फिरती खुर्ची एकच. खुर्चीवर वर्षाराणी बसलीवती. नेकनूरची पोरगी, बारावी नापास, पण कंप्युटरचा कोर्स पहिल्या नंबरानं केलेली. नापास म्हणलं की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. आन् बंकटमामा दिवसातून चार वेळा म्हणायचा. मामा वीस वर्षांपासून डॉक्टरांचे एक्स-रे काढतो. एक्स-रे धुवायच्या काळ्या खोलीत घामाघूम होऊन त्याचं आयुष्य गेलंवतं, आन् डोळा त्या एसीवर होता.

डॉक्टरांनी सकाळीच सांगून टाकलंवतं. "पाहुण्यासमोर फोटो फिरला तर खुर्ची तुझी. न्हाई फिरला तर खुर्चीवर बंकट, आन् तू बाहेर बसून पेशंटची नावं लिही."

तवापासून मामानं आपला टावेल खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवलावता. एसटीत जागा धरतात तसा.

"बंद करून चालू कर की," मामा म्हणला.

"तीनदा केलं."

"मग चौथ्यांदा कर. बारावीला बी तसंच करायचं असतंय."

वर्षाराणीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. पण हात चालूच ठेवले. एकेक काप उघडून बघितला. काप झकास होते. पाकळ्या दिसत होत्या, बिया मोजून घ्याव्या इतक्या दिसत होत्या. साठ कापातले चाळीस बघितले, तिथं फळ संपलं. पुढं नुसतं रिकामं टेबल आन् उशी. ते कोण बघतंय! म्हंजी मशीन चांगली, काप चांगले, गडबड रचण्यात होती. सगळे काप रचले की पडदा काळाकुट्ट. नुसती खाली नखाएवढी एक पांढरी रेघ.

"काचेवर ओरखडा हाय त्यो," मामा म्हणला.

झाडलोट करणाऱ्या चंद्रभागामावशी दारात झाडू टेकवून उभ्या राहिल्या. "मी सांगू का? काल मी लिंबू-मिरची बांधलीवती, ती डॉक्टरांनी तोडून फेकली. म्हणले, मावशी, हे विज्ञान हाय, इथं असलं चालायचं न्हाई. घ्या आता विज्ञान!"

तेवढ्यात डॉक्टर आले. नवा सफारी, कपाळावर घाम. "झालं का?"

"व्हतंय साहेब."

"व्हतंय म्हंजी काय? सभापती उद्घाटनाला घरून निघाले!"

वर्षाराणीनं ओढणीनं काच पुसली. रेघ गेली न्हाई. मग तिनं माऊस धरून काळा फोटो तसाच उगी थोडा फिरवला.

रेघ बी फिरली.

ती एकदम ताठ बसली. काचेवरचा ओरखडा कसा फिरंल? अजून फिरवलं. रेघ वाकली, उघडली, अर्ध्या बांगडीसारखी झाली. तिनं बाजूला आकडे बघितले. मशीन प्रत्येक ठिपक्याला आकडा देती. हवा उणे हजार, पाणी शून्य, हाड हजाराच्या मागंपुढं. सीताफळाची बी लई लई झाली तर दोनशे. आन् इथं वरचा आकडा होता तीन हजार एकाहत्तर! त्याच्यापुढं मशीनला मोजताच येत न्हाई.

आता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कंप्युटर सगळ्यात लहान आकडा आरपार दाखवतो, सगळ्यात मोठा घट्ट दाखवतो, आन् बाकीचे मधी वाटून टाकतो. त्या तीन हजारवाल्यानं सगळा घट्टपणा एकट्यानंच खाल्लावता. बिचारं सीताफळ हवेच्या पंगतीला जाऊन बसलं, मग दिसंल कसं?

"साहेब, सीताफळासंगं लोखंड स्कॅन झालंय," ती म्हणली.

"लोखंड? सीताफळात?" मामा खो खो हसला. "खिळ्याचं झाड हाय का बे ते?"

पण वर्षाराणी मामाकडं बघतच नव्हती. तिची नजर डॉक्टरावर होती. लोखंड कुठं हाय हे ती बोललीच न्हवती, तरी डॉक्टर कुणाला काही न इचारता मशीनच्या खोलीत गेले, नीट उशीपाशी गेले, आन् खोळीत हात घातला. मधल्या काचेतून सगळं दिसत होतं. हात बाहेर आला तवा सफारीचा खिसा एका बाजूनं लोंबायला लागलावता.

डॉक्टर परत आले. "काही न्हाई तिथं."

"आसं का," वर्षाराणी म्हणली, आन् फोटो वरून दिसंल असा वळवून मोठा केला. पडद्यावर टांग्याच्या तट्टाची नाल फिरायला लागली. भोकं सहा, एक बाजू झिजलेली. नजर लागू नये म्हणून नाल ज्या काळ्या दोऱ्यात बांधतात, त्या दोऱ्याचा तेवढा फोटो आला नव्हता.

मावशीनं तोंडाला पदर लावला. "अगं बया! नाल! आन् माझ्या लिंबाला नावं ठेवतेत!"

"कुणी ठेवली बे ही?" मामा गरजला. "साहेब, सांगा, त्याचा कानच पिळतो!"

डॉक्टरांचा रंग उडाला. बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

"कुणी ठेवली ते नंतर बघू," वर्षाराणी सावकाश म्हणली. "का आत्ताच बघू, साहेब? पाहुण्यासमोर?"

"नंतर! नंतरच! आधी फळ दाखव!"

तिनं वरचा आकडा हातानं खाली ओढला, तीनशेवर आणला. शेवटचे वीस काप कापून टाकले. काळ्यातून सीताफळ असं वर आलं जसं पाण्यातून बेडकाचं डोकं. साल काचेसारखी आरपार, आत बिया हवेत लटकलेल्या.

सभापतींनी तीनदा फिरवायला लावलं. "लई भारी, डॉक्टर! आतलं सगळं दिसतंय की ह्याच्यात!"

"हो ना," वर्षाराणी म्हणली. "खिशातलं बी दिसंल."

डॉक्टर एकटेच मोठ्यानं हसले आन् लगेच म्हणले, "बंकट, तुझा टावेल उचल खुर्चीवरून."

पाहुणे पेढे खाऊन गेले. मग मशीनच्या खोलीच्या दारात स्टूल लागलं. स्टुलावर डॉक्टर, तोंडात दोन खिळे, हातात हातोडी. मामा स्टूल धरून उभा, घामाघूम.

वर्षाराणी एसीत बसून खुर्ची फिरवत काचेतून बघत होती. "साहेब, अजून थोडी डावीकडं," ती ओरडली. "आन् मावशीच्या लिंबाला बी जागा ठेवा."