व्यंकटराव गुरुजींची चार खलिफांची वही

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. कधी काळी दोनशे पानांची होते. आता सव्वाशे उरली असतील. बाकीची वाळवीने खाल्ली.

शिरड शहापूरच्या व्यंकटराव गुरुजींनी मला लिहिले. त्यांचे लहानपणीचे शिक्षण निजामाच्या राज्यात, म्हणून उर्दूत झाले. पुढे ते मराठी शाळेत शिक्षक झाले. एकदा वर्गातल्या मुलांनी विचारले, "गुरुजी, पैगंबरांच्या मागं त्यांच्या लोकांचं काय झालं?" तेव्हा उर्दू पुस्तके वाचून त्यांनी पैगंबरांनंतरची तीस वर्षे मराठीत लिहायला घेतली. अबू बकर, उमर, उस्मान आणि अली. पैगंबरांच्या मागून राज्य चालवणारे हे चार खलिफा, म्हणून माझे भागही चार.

बहात्तरच्या दुष्काळात माझे फार कौतुक झाले. दुष्काळी कामावर खडी फोडून थकलेल्या बायका दुपारी लिंबाखाली भाकरी सोडत आणि गुरुजी मला वाचून दाखवत. अरबस्तानात दुष्काळ पडला तेव्हा रयतेला मिळेपर्यंत हजरत उमरांनी तूप वर्ज्य केले, हे ऐकून त्यांच्यातल्या पार्वतीबाईंचा घास हातातच राहिला.

"व्हय का गुरुजी? येवढ्या राज्याचा धनी, अन् तूप सोडलं?"

"तेलावर भागवलं. पोट गुरगुरलं तर पोटालाच दटावलं."

"मंग वाचा अजून. आमी बसतो."

पण गुरुजींचा जीव चौथ्या भागात होता. तिथे पैगंबरांच्या जवळची माणसेच एकमेकांसमोर तलवारी घेऊन उभी राहतात. असे का झाले, हे लिहायला गुरुजींना दोन वर्षे लागली. अठ्ठेचाळीस साली निजामाचे राज्य गेले तेव्हा, बारा वर्षांचे असताना, एकाच गल्लीतली माणसे एकमेकांवर धावून गेलेली त्यांनी पाहिली होती. लिहिता लिहिता ते मध्येच उठून जात. परत आले की आधीचे खोडून पुन्हा लिहीत.

पुढे घरावर स्लॅब टाकला तेव्हा मी माळ्यावर गेले. कित्येक वर्षे मला कुणी उघडले नाही. मग मागच्या बाजूने वाळवी शिरली. मला हाक मारता येत नव्हती. अलींचा भाग संपला, उस्मानांचा निम्मा गेला.

गेल्या वर्षी नव्वदीला आलेल्या गुरुजींनी मला मागितले. त्यांची नात नीलांबरी हिंगोलीला शिकवते. तिने मला उघडले आणि मांडीवर नुसती माती सांडली.

"आबा, मागची पानं न्हाईत."

गुरुजी कितीतरी वेळ बोटांनी ती माती चाचपत राहिले. मग म्हणाले, "लिहून घे. मी सांगतो."

दर रविवारी ती यायची. उस्मानांच्या घराला वेढा पडला, माझ्यासाठी रक्त सांडू नका, असे त्यांनी आपल्या माणसांना बजावले, इथपर्यंत गुरुजींनी सांगितले. अलींचे नाव आले आणि ते अडखळले.

"नीलू, पुढं काय झालं गं?"

"थांबा आबा, मोबाईलवर पाहते."

"काय झालं ते मिळंल तुला तिथं. पण मला काय कळलं व्हतं? ते मी लिहिलं व्हतं ना. ते कुठं मिळंल?" आणि नव्वद वर्षांचा तो माणूस लहान लेकरासारखा रडला.

नीलांबरी पेन धरून बसून राहिली. त्यानंतरचे सात रविवार ती तशीच बसली. एक ओळही मिळाली नाही.

परवा तिने मला उन्हात वाळवून गुरुजींच्या हातात दिले. त्यांनी उमरांचे पान डोळ्यांजवळ नेले.

"सुरेख अक्षर हाय," ते म्हणाले. "कोन व्हतं गं हे लिहिणारं?"

नीलांबरीने तोंडाला पदर लावला.

मित्रांनो, मी तुमच्यापुढे हात जोडते. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाने काही लिहून ठेवले असेल, तर ते आज खाली काढा. त्याच्याजवळ बसा आणि त्याला विचारा. उद्या विचाराल तेव्हा तो माणूस समोर असेल, पण तुम्हाला उत्तर मिळणार नाही.